बाटलीवरच्या चौदा खुणा

ती गोष्ट एकोणीसशे एकसष्ट सालची. तेव्हा औषधं आजच्यासारखी चंदेरी पाकिटांतून येत नसत. घरून धुतलेली बाटली घेऊन दुकानात जायचं, कंपाउंडरने आतल्या खोलीत औषध ढवळून बाटली भरायची आणि तिच्या अंगावर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टीवरची एक खूण म्हणजे एका वेळचं औषध. घरात चमचा शोधायची भानगड नव्हती.

मामांच्या दुकानात या पट्ट्या चिमटी कापायची. चिमटी ही मामांची भाची. वय बावीस, कंपाउंडरची परीक्षा नुकतीच पास झालेली. कुठलीही पूड बोटांच्या चिमटीत धरून ती वजन सांगायची आणि मागाहून तराजूही तेच सांगायचा, म्हणून हे नाव.

दर सोमवारी सकाळी दुकानात घड्याळजी येत. हातात स्वच्छ धुतलेली बाटली आणि खिशात शहरसभेने दिलेलं कार्ड. अफूचा अर्क ज्यांच्यावाचून अडायचं, अशा अकरा जणांना गावात अशी कार्डं होती. एकोणीस वर्षांपूर्वी मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाला किल्ली देताना घड्याळजी शिडीवरून कोसळले होते. इस्पितळाने वेदनेवर अर्क सुरू केला. पाठ सहा महिन्यांत बरी झाली, अर्क काही जाईना. सकाळी एक खूण, संध्याकाळी एक, आठवड्याच्या चौदा. तेवढं पोटात असलं की हा माणूस मुंगीच्या पायाएवढा स्क्रू जागच्या जागी बसवायचा. एक वेळ चुकली की हात असे थरथरत की तोच स्क्रू समोरच्या भिंतीवर जाऊन आपटायचा.

त्या वर्षाच्या सुरुवातीला बातमी आली, की शहरसभा ही कार्डं बंद करायच्या विचारात आहे. झालं! मामांच्या घरात जेवणं थंड होऊ लागली.

"विष ते विष," मामा म्हणायचे. "मोजून दिलं म्हणून त्याचं दूध होत नाही. पूर्ण बंदी हवी!"

"मग तुमची तपकीर काय, अत्तर आहे?" मामी पोळी लाटता लाटता विचारायची.

"तपकिरीने कोणाचं घर बुडत नाही."

"तुमचे रुमाल कोण धुतं? माझं घर रोज बुडतं." मामीचं मत अगदी उलट. "सगळं उघड विकायला ठेवा. दार लावलंत की लोक खिडकीतून उड्या मारतात."

"उघडं ठेवलं तर अख्खं गाव आत शिरेल!"

"शिरू दे. बसायला जागा मिळाली नाही की येतील आपोआप बाहेर."

चिमटीने एकदा मध्येच तोंड घातलं. "पण घड्याळजीकाकांचं काय होणार?"

"त्यांच्या भल्यासाठीच तर बंदी," मामा म्हणाले.

"त्यांच्या भल्यासाठीच मोकळीक," मामी म्हणाली.

दोघंही मनापासून बोलत होते. घड्याळजींना मात्र कोणी विचारलं नव्हतं. चिमटीनेही नाही. तिने सरळ कात्री उचलली.

कार्डं एकदम बंद झाली तर काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आठ दिवसांत बसणार, हे तिला दिसत होतं. मग आतापासूनच त्यांना कमी कमीची सवय लावली तर? त्या सोमवारी तिने खुणा केसभर अरुंद कापल्या. पुढच्या सोमवारी आणखी केसभर. कोणाला पत्ता लागणार नाही, अशी तिची खात्री. स्वतःवर अशी खूश झाली की काम करताना गुणगुणू लागली.

चौथ्या सोमवारी पट्टी चिकटवताना तिचा हात जागीच थांबला. चौदा खुणा संपल्या होत्या आणि खाली बोटभर काच उघडी राहिली होती. कार्डाप्रमाणे बाटली गळ्यापर्यंत भरलेली हवी आणि पट्टी लावण्याआधी मामा ते स्वतः उजेडात धरून बघत. म्हणजे खुणा आखडल्या, तरी औषध तेवढंच जात होतं! तळाशी उरलेलं काका पीत असणार, दुसरं काय? महिनाभर कागद कापणाऱ्या बाईंचं लक्ष कागदावर होतं, बाटलीला तळ असतो हे त्या विसरल्या होत्या. चिमटीने कपाळावर हात मारून घेतला.

पट्टी पुन्हा लांब केली तर चोरी उघडी पडणार. म्हणून ती अरुंद खुणा कापतच राहिली. काका बाटली चकचकीत धुऊन आणत आणि चिमटीचं गुणगुणणं बंद झालं.

वीस सोमवार असे गेले. मग एका रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात शहरसभेची खुली बैठक भरली. निर्णय त्याच दिवशी व्हायचा होता. बंदीच्या बाजूने मामा उभे राहिले, मोकळिकीच्या बाजूने मामी. नवराबायको भर सभेत भांडणार म्हटल्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही.

"पहिल्या रांगेत बघा," मामा कडाडले. "भला, हुशार माणूस! एकोणीस वर्षं एका बाटलीचा गुलाम! आज कुलूप लावा, उद्या तो मोकळा होईल!"

"तोच माणूस बघा," मामी म्हणाली. "एकोणीस वर्षं रोज दुकान उघडतो. कोणाचं काय वाईट केलंय त्याने? त्याचं त्याला घेऊ द्या की हवं तेवढं!"

टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. अध्यक्षबाई मेज ठोकत होत्या, तेवढ्यात घड्याळजी उठले. त्यांच्याजवळ कापडी पिशवी होती. तिच्यातून त्यांनी एक बाटली काढून मेजावर ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. पाच बाटल्या, पाचही गळ्यापर्यंत भरलेल्या.

"हे काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"अर्क. उरलेला." घड्याळजींनी चष्मा पुसला. "गेले पाच महिने माझ्या बाटलीवरच्या खुणा दर आठवड्याला अरुंद होतायत. पहिल्याच सोमवारी भिंगातून पाहिलं मी. माझा सगळा जन्म केसाच्या मापात गेलाय हो, मला नाही कळणार?"

मामांची मान सावकाश चिमटीकडे वळली. चिमटीला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

"पण मग प्यायला का नाहीत?" मामीने न राहवून विचारलं. "तळाशी होतं की."

"पहिल्या आठवड्यात तीनदा बाटली हातात घेतली. मग म्हटलं, बघू या, जमतं का. जमलं. काही दिवस फार वाईट गेले, दोन घड्याळं बिघडवली, एक तर तुमच्याच भिंतीवरचं, वहिनी."

"तरीच ते मेलं पुढे पळतंय!" मामी म्हणाली आणि सभा खदखदून हसली.

घड्याळजी मात्र हसले नाहीत. ते चिमटीकडे वळले. "पोरी, काम चोख केलंस. पण मला सांगायला हवं होतंस. हात माझे आहेत. तुझ्या मामांना बाटलीला कुलूप लावायचंय, वहिनींना दार सताड उघडायचंय आणि तू गुपचूप कात्री चालवलीस. तिघंही माझ्या भल्याचे. एकाने तरी विचारायचं की, काका, या आठवड्यात किती जमेल?"

"चुकलं, काका," चिमटी म्हणाली. भर सभागृहात, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

कार्डं बंद झाली नाहीत आणि अर्क उघड विकायलाही आला नाही. कार्डावर फक्त एक नवा रकाना छापला गेला: 'या आठवड्यात घेणाऱ्याचं म्हणणं.' घरी परतल्यावर दाराशीच मामा म्हणाले, "उद्यापासून पट्टी काकांसमोर कापायची. ते म्हणतील तेवढी."

घड्याळजींना पुढे तीन वर्षं लागली. शेवटी संध्याकाळची एक खूण राहिली, दोऱ्याएवढी. "ही राहू दे, जुनी ओळख आहे," असं म्हणून त्यांनी ती ठेवली आणि एक्याऐंशी वर्षांचे होऊन गेले. बाकीच्या दहांपैकी चौघे अर्कातून पार सुटले, पाचजण आहे तिथेच राहिले. एकजण आपली बाटली दुसऱ्याला विकताना सापडला, तेव्हा मामांनी महिनाभर सगळ्यांना 'सांगितलं नव्हतं?' म्हणून छळलं. मामा मरेपर्यंत बंदीवालेच राहिले. घड्याळजींचे गुडघे गेल्यावर त्यांची बाटली दर सोमवारी पोचवायचे तेही मामाच. मामी शहरसभेवर निवडून गेली आणि तिथेही जेवणं थंड करू लागली. भिंतीवरचं घड्याळ तिने शेवटपर्यंत दुरुस्त करू दिलं नाही.

त्या पाच बाटल्या शहरसभेच्या कपाटात ठेवल्या होत्या. वर्षाने उघडलं तर चारच निघाल्या. एका सभासदाची पाठदुखी त्या वर्षी बरीच कमी होती, असं लोक म्हणत.

चिमटी पुढे दुकानाची मालकीण झाली. चंदेरी पाकिटं आली, पट्ट्या गेल्या, मिश्रणं ढवळायची आतली खोली खोक्यांनी भरली. पाकीट पुढे करायच्या आधी ती गिऱ्हाइकाला अजून विचारते, "किती जमतंय?" नवी माणसं गोंधळतात. जुनी माणसं खुर्ची ओढून बसतात आणि सांगायला लागतात.