दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं

सावित्रम्माला जावई पहिल्यापासूनच पटला नव्हता; पण त्याचा खरा तिटकारा आला तो चौऱ्याहत्तर साली, लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणात. पहिली मुलगी, दुसरीही मुलगीच, आणि ती पोट फाडून काढावी लागली. लेडी डॉक्टरनं रुद्रप्पाला समोर उभं करून सांगितलं, "आतला टाका भरून यायला वेळ लागतो. निदान दोन वर्षं थांबा."

शुक्रवार पेठेतल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाशी तासभर गोड बोलणारा रुद्रप्पा दवाखान्याच्या पायरीवरच हसला. "ह्या बायांना पुस्तकातलं कळतं. आमची आई बारा वेळा बाळंत झाली की."

बारांतला हा एकटाच जगला होता. माज मात्र बाराजणांचा होता.

सात महिन्यांत दाक्षायणीला पुन्हा दिवस गेले. माहेरी, मंगळवेढ्याला कळलं तेव्हा सावित्रम्मा मनात जळफळली, आणि तरी खणानारळ घेऊन एसटीनं आली, हसून ओटी भरून गेली. जावयाला चार शब्द सुनवायचं धाडस तिला झालं नाही. त्याबद्दल तिनं स्वतःलाही कधी माफ केलं नाही.

आठव्या महिन्यात ती लेकीला माहेरी न्यायला आली, तर दाक्षायणी न्हाणीत भिंतीला धरून उभी, पायांवरून रक्ताची धार. कळ नाही, दुखणं नाही. विहीण सुंदरम्मा म्हणाली, "उष्णता हाय. धन्याचं पाणी द्या." सुईण चंद्रव्वा आतून तपासायला पुढं सरकली.

"हात लावू नगंस," सावित्रम्मा म्हणाली. तिच्या शेजारणीला असंच तपासलं होतं, आणि ती तासाभरात गेली होती.

टांगा आणायला सांगितलं, तर रुद्रप्पाचं गिऱ्हाईक बसलं होतं. तिनंच रस्त्यात जाऊन टांगा थांबवला.

दवाखान्यात डॉक्टर तीच. "वार खालीच, पिशवीच्या तोंडावर रुजलीय. ताबडतोब फाडावं लागेल, रक्त हवं."

मागाहून आईला घेऊन आलेल्या रुद्रप्पाचं रक्त जुळलं. तो म्हणाला, "दिवसभर दुकानात उभं राहायचं असतं. अशक्तपणा आला तर?" सुंदरम्मानं लेकाच्या पैलवानी दंडावर पदर टाकला.

"जावई, तुमी बसा निवांत," सावित्रम्मा म्हणाली आणि स्वतःचा वाळका हात पुढं केला. तिचंही जुळलं. उरलेलं दवाखान्यातल्या दोघा नोकरांनी दिलं.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आली. वार जुन्या टाक्यात रुतून बसली होती, सुटेना; पिशवीच काढावी लागली. दाक्षायणी वाचली. मुलगा झाला होता, पण त्यानं श्वास धरला नाही.

"म्हणजे आता पुन्हा मूल नाही?" रुद्रप्पानं विचारलं. बायको कशी आहे, हे विचारलं नाही.

"नाही. थांबला असतात तर कदाचित टळलं असतं."

"आमचं नशीब."

"नशिबाला मधी घालू नका, जावई," सावित्रम्मा म्हणाली. "तुमाला बाईंनी सांगितलं हुतं. मराठीतच सांगितलं हुतं."

लेक आणि दोन्ही नाती घेऊन ती मंगळवेढ्याला गेली. चार महिन्यांनी रुद्रप्पा आला तो लिहून आणलेला कागद घेऊन. दुसऱ्या लग्नाला दाक्षायणीची संमती हवी होती.

नवऱ्यासमोर कधी मान वर न केलेल्या दाक्षायणीनं कागद वाचला आणि परत दिला. "सही करत न्हाय. त्या पोरीलाबी वर्षाच्या वर्षाला फाडायला न्याल तुमी."

सावित्रम्मानं चहा केला, दारात आलेला जावई म्हणून. रुद्रप्पा तो प्यायला, आणि साखर कमी आहे म्हणाला.