देवाच्या पाण्याचं फडकं

मित्रांनो, मी एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक आहे. जुना आहे म्हणून शांत असेन, असं मात्र समजू नका. स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. आता मी तुमच्या शाळेच्या कपाटात असतो. भिंग बुरशीने धुरकट झालंय, आरशाला तडा गेलाय, नळी खाली-वर करायचा स्क्रू करकरतो. तरी कुणी पाण्याचा तांब्या घेऊन जवळून गेलं की माझा जीव वरखाली होतो. वाटतं, अरे थांब, एक थेंब इकडे ठेव, आधी बघू तरी दे!

ही खोड मला जन्मापासूनची. जर्मनीतल्या एका कारखान्यात माझं भिंग घासणारा म्हातारा कारागीर फार चिडका होता. जरा अस्पष्ट दिसलं की तो पुटपुटत मला पुन्हा घासायला घ्यायचा. त्याच्या हातांची ती तगमग माझ्या अंगात उतरली असावी. पुढे मी बोटीतून आलो आणि सिकंदराबादच्या एका इस्पितळात लागलो. हिवतापाने कुडकुडणाऱ्या शिपायांच्या रक्तात दडलेले जंतू मी तिथे शोधून दिले. "या भिंगाला तोड नाही," असं डॉक्टर म्हणायचे, तेव्हा मी फुशारून जायचो. मग माझ्यापेक्षा भारी यंत्रं आली आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन पडलो. एका बाजूला बंद पडलेलं घड्याळ, दुसऱ्या बाजूला चेपलेलं बिगूल आणि मधे मी धूळ खात. घड्याळाला त्याचं काही वाटत नव्हतं. मला मात्र वेड लागायची पाळी आली होती.

तिथून मला डॉक्टर दिनकररावांनी सोडवलं. तेव्हा आपल्या परभणीकडे निजामाचं राज्य होतं आणि दिनकररावांचा छोटासा दवाखाना बोरीला होता. दुपारी रोगी कमी झाले की ते मासिक उघडून नव्या शोधांच्या बातम्या वाचत बसायचे. सवय अशी, की मोठ्यानेच वाचायचे. ऐकायला मी आणि भिंतीवरची पाल. कुठे बुरशीपासून जखमेवरचं औषध निघालं होतं, कुठे अणू फोडला होता, कुठे ताऱ्याच्या नुसत्या उजेडावरून त्याच्या पोटात काय आहे ते ओळखलं होतं. ऐकून माझ्या भिंगाला मुंग्या यायच्या. जगात एवढं चाललंय आणि मी टेबलावर टोपडं घालून बसलोय! उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, अशी माझी गत व्हायची.

आणि समोरच्या बाकावर काय दिसायचं? नारू. उन्हाळा आला की बाक नारूच्या रोग्यांनी भरून जायचा. आधी पायाला फोड, मग आग, मग फोड फुटून त्यातून बाहेर डोकावणारा पांढऱ्या दोऱ्यासारखा लांबलचक किडा. लोक तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायचे. मधेच तुटला तर पाय सुजायचा आणि कधीकधी कायमचा आखडायचा. हा किडा माणसाच्या पोटात कसा शिरतो, हे विद्वानांनी कधीच शोधून काढलं होतं. पण तो शोध बोरीपर्यंत चालत आला नव्हता. बहुतेक वाटेत त्यालाही नारू झाला असावा.

एका फाल्गुनात दिनकररावांनी मला पेटीत घातलं आणि छकड्यातून जवळच्या एका गावी नेलं. तिथे बसवराज नावाचे लिंगायत दुकानदार होते. त्यांच्या आजोबांनी गावासाठी बारव बांधली होती, म्हणजे थेट पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या उतरत जाणारी विहीर. गाव त्याच पाण्यावर जगायचं. आम्ही पोचलो आणि पेटीचं झाकण उघडलं तेव्हा बसवराजांचा सालगडी सटवाजी खालच्या पायरीवर पाण्यात पाय बुडवून उभा होता. त्याच्या घोट्याला नारू होता.

"थंड पाण्यानं आग लय कमी व्हती बघा, डॉक्टरसाब," तो म्हणाला. त्याच्या शेजारीच बाया घागरी भरत होत्या.

त्या बायांत बसवराजांची सून शांतम्मा होती. तिचा नारू मागे अर्ध्यात तुटला होता आणि तेव्हापासून तिचा एक गुडघा वाकत नव्हता. घागर घेऊन ती पाय ओढत एकेक पायरी चढायची. तिच्या पुढे तिची लहानगी नीलम्मा दोन दोन पायऱ्या उड्या मारत वर जायची. त्या पोरीला चालता येत नव्हतं, फक्त पळता यायचं. मला ती तिथल्या तिथे आवडली. माझ्याच जातीची वाटली.

बसवराजांचं दुकान बारवेला लागूनच होतं. त्याच्यापुढे अंगणात माणसं जमली. दिनकरराव म्हणाले, "तुमच्या पायातला नारू तुमच्या पाण्यातून येतो. पाण्यातले ते जीव आज तुम्हांला डोळ्यांनी दाखवतो." बसवराजांनी मला मानाने पाटावर ठेवलं आणि कुणी काही म्हणायच्या आत माझ्या नळीवर विभूतीची तीन बोटं ओढली. वर बेलाचं पानही वाहिलं. मला गुदगुल्या झाल्या. मग त्यांची बायको सिद्धम्मा हिने बारवेच्या पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

दिनकररावांनी काचेवर थेंब घेतला, माझ्या आरशावर ऊन धरलं आणि डोळा लावला. मी जीव एकवटून पाहिलं. काही नाही! दुसरा थेंब घेतला. एक धुळीचा कण, बस. तिसऱ्यांदाही तेच. लोक एकेक करून वाकले आणि एकमेकांकडे बघायला लागले.

"कुठं हायत किडे?" मागून कुणीतरी विचारलं आणि अंगणभर हसू पसरलं.

बसवराज हसले नाहीत. त्यांना राग आला होता. "आमच्या आज्याचं पुण्य हाय त्या बारवेत. तुमी तिला नावं ठेवायलाव. चला, समद्यांदेखत पेतो." ते तरातरा खाली उतरले, सटवाजीच्या शेजारी वाकले आणि ओंजळीने पोटभर पाणी प्याले. दिनकररावांची मान खाली गेली. ते मला पेटीत ठेवायला लागले. मी काय करणार? मला ओरडता येत असतं तर ओरडलो असतो. माझं भिंग खोटं बोलत नाही, आणि दिनकररावही नाहीत; मग चुकलं कुठे?

सिद्धम्माला त्यांचा चेहरा बघवेना. ती जवळ येऊन म्हणाली, "वाईट नका वाटून घेऊ. पानी लय निर्मळ आणलं होतं म्या. दुपदरी फडक्यातून गाळून आणलं."

दिनकररावांचा हात तिथेच थांबला. "गाळून? का?"

"आता? दुर्बिणीला विभूती लावली न्हाई का? पूजेतल्या वस्तूला बिनगाळलेलं पानी कसं द्यावं? लिंगपूजेचं पानी आमी गाळूनच घेतो. म्या सोता बी तेच पेते. मठातल्या स्वामींनी नेम दिलाय."

"आणि घरातले बाकीचे?"

"त्यांला घागरीतलं. त्यांला कुठं नेम हाय?"

"सिद्धम्मा, तुम्हांला कधी नारू झालाय?"

"न्हाई. शिवाची किरपा हाय."

दिनकररावांनी मला पेटीतून पुन्हा बाहेर काढलं. मग एकदम उठले. "ते फडकं कुठंय?"

फडकं अजून ओलंच होतं. त्यांनी ते वाटीत उलटं करून खळबळलं आणि त्या पाण्याचा थेंब माझ्यापुढे ठेवला. मित्रांनो, काय सांगू! काच नुसती वळवळत होती. पाण्यातल्या इवल्याशा पिसवा झटके देत इकडून तिकडे पळत होत्या, शेपटीशी अंड्यांच्या दोन थैल्या मिरवत. त्यांतल्या एकीच्या पोटात बारीक दोऱ्याचं वेटोळं हलत होतं. आम्ही ज्यासाठी आलो होतो ते सगळं त्या फडक्यात अडकलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आता अंगणात कुणी हसत नव्हतं. दिनकररावांनी समजावून सांगितलं. नारूवाला पाण्यात उभा राहिला की किडा तिथे आपली पिल्लं सोडतो, ती पिल्लं या पिसवा गिळतात, आणि पिसवा आपण पितो. पोटात गेलेलं पिल्लू वर्षभर गपचूप वाढतं आणि पुढच्या उन्हाळ्यात पायातून बाहेर येतं.

"आन् मी आत्ताच पेलो की," बसवराज म्हणाले. त्यांना ते हसत म्हणायचं होतं, पण जमलं नाही.

शांतम्मा ताठ पाय बाजूला काढून वाकली आणि बराच वेळ माझ्यातून बघत राहिली. सरळ होताच तिने नीलम्माला जवळ ओढलं. "माझी नीली बी हेच पानी पेते. डॉक्टरसाब, तिच्या पोटात गेलं आसंल का?"

"खरा धोका पाणी तळाला गेल्यावर, म्हणजे आता चैत्र-वैशाखात. आजपासून गाळा. पण याआधी ती जे प्यालीय, त्याचं मला सांगता यायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात कळेल."

शांतम्मा सासूकडे वळली. "आत्याबाई, फडकं द्या."

"ते देवाच्या पान्याचं हाय गं. घरभराचं पानी त्याच्यातून कसं गाळावं?"

"देवाला गाळून द्यायचं आन् लेकराला तसंच? देवाच्या पायाला नारू होत न्हाई, आत्याबाई."

सिद्धम्मा आत गेली. थोड्या वेळाने आतून कापड टराटरा फाडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिच्या ठेवणीतल्या लुगड्याचे चौकोनी तुकडे होते. पहिला तुकडा तिने घडी घालून नीलम्माच्या घागरीच्या तोंडाला बांधला, आणि उरलेले अंगणातल्या बायांना वाटले.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. शिपायाच्या रक्ताचा निकाल मी बसल्या जागी द्यायचो. इथे निकाल एका पोरीच्या पोटात होता आणि तो बघणारं भिंग अजून कुणी घासलंच नव्हतं. त्यातच देश स्वतंत्र झाला, पण आमच्याकडे निजामाचं राज्य तसंच राहिलं आणि रझाकारांची दहशत वाढली. पुष्कळ माणसं हद्दीपलीकडे निघून गेली. दिनकररावांनाही जावं लागलं. जाताना त्यांनी माझी पेटी बसवराजांकडे ठेवली. "जपा हिला. मी येतो," एवढंच ते म्हणाले.

बसवराजांनी मला दुकानातल्या ज्वारीच्या पोत्यांवरच्या माळ्यावर लपवलं. अंधार, ओल आणि झाकण बंद. ज्याचा जन्म बघण्यासाठी, त्याने आता नुसतं ऐकायचं! तेवढंच उरलं म्हणून मी पावलं ऐकायला शिकलो. सिद्धम्माची जोडवी वाजायची. शांतम्माचं एक पाऊल पडायचं, दुसरं ओढत यायचं. नीलम्माची पावलं नव्हतीच, ती नुसती धांदल होती.

चैत्र आला आणि बसवराजांचं चालणं बदललं. मग कण्हणं ऐकू आलं, आणि काडी मागणाऱ्या सिद्धम्माचा आवाज. "म्याच पेलो," ते परत परत म्हणायचे. "ओंजळीनं पेलो." तशा पायाने खाटेवर बसून त्यांनी सटवाजीकडून बारवेच्या खालच्या पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या टाकवल्या आणि पाणी ओढायला वर रहाट बसवला. आज्याच्या बारवेत आता कुणाचाही पाय पडू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण माझा कान नीलम्माकडे होता. फाल्गुनाच्या आधीचं पाणी तिच्या पोटात गेलेलं होतंच.

एका दुपारी तिची धांदल थांबली. मी कान देऊन राहिलो. बराच वेळ काही नाही. मग अंगणातून आवाज आला. टप्. टप्. टप्.

एकाच पायाचा.

दुसरा पाय जमिनीला लागतच नव्हता. नारूवाली पोरं अशीच चालतात, ठणकता पाय वर धरून. आतून शांतम्माचं ओढतं पाऊल इतक्या घाईने आलं, की ती उंबऱ्यावर अडखळली.

"नीले! काय झालं गं पायाला?"

"आई, सरक की! डाव चाललाय माझा!"

लगेच दुसऱ्या पोरी किंचाळल्या, "टेकला! टेकला! नीलीचा पाय टेकला! बाद!"

"न्हाई टेकला! खोटारड्या!"

आणि मग ती धांदल. दोन्ही पायांची, धडधड, अंगण ओलांडून पार बारवेपर्यंत आणि परत. पोरी लंगडी घालत होत्या! शांतम्मा माझ्या खालच्या पोत्यावर येऊन बसली. आधी हसली, मग पदर तोंडात धरून रडली. "खेळ माय, खेळ," एवढंच ती म्हणत राहिली. तो उन्हाळा सरला, नीलम्माच्या पायाला फोड आला नाही.

निजामाचं राज्य गेलं आणि दिनकरराव परतले. त्यांनी मला उघडून डोळा लावला, तर नुसतं धुकं. माळ्यावरच्या ओलीत बुरशीने माझं भिंग खाल्लं होतं. वाईट वाटलं. फार वाटलं. म्हणून मित्रांनो, माझ्यासारखं कुणी तुमच्या हाती आलं तर त्याला कोरडं ठेवा, पुसून ठेवा. आणि नवा शोध वाचलात की मासिक मिटून झोपू नका. तो शोध घरातल्या घागरीपर्यंत नेऊन पोचवा. नाहीतर तो देव्हाऱ्यापाशीच थांबतो आणि लेकरं तशीच पाणी पितात.

पुढे दिनकररावांनी मला तुमच्या शाळेला देऊन टाकलं, आणि आता मी इथल्या कपाटात आहेच. मधल्या सुट्टीत तुम्ही लंगडी घालता, ते मला आतून ऐकू येतं. एक करा. डाव संपला की एकदा दोन्ही पायांनी पळत जा. तेवढ्यापुरतं मला स्वस्थ वाटतं.