बारावी बंदूक

सुजितने बंदुकीचे स्क्रू काढून नारळाच्या करवंटीत टाकले आणि आतला दट्ट्या अंगठ्याने मागे ओढून बघितला. अकरा झाल्या होत्या, ही बारावी. एअरसॉफ्टची बंदूक म्हणजे तसं खेळणंच, प्लास्टिकचे छर्रे उडवणारं. पण आवाज असा, की नागावातल्या त्याच्या वाडीत, पर्यटकांसाठी काढलेल्या खेळाच्या मैदानावर, रोज दुपारी कुणीतरी पत्र्यावर सुपाऱ्या ओततंय असं वाटावं. आज मात्र पुण्याहून आलेला ग्रुप माडांमध्ये अर्धा तास खेळत होता आणि ओसरीवर त्या आवाजाचा मागमूसही नव्हता.

पहिले चार दिवस सुजितने शुद्ध गाढवपणा केला होता. नळीच्या तोंडाला पाइप बसवला, त्यात काथ्या कोंबला. आवाज तसूभर कमी झाला नाही. शेवटी त्याच्या बायकोने, प्रणालीने, चालू बंदुकीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, अहो, ही तोंडाने नाही, पोटाने ओरडतेय. शिलाई मशीनवर हयात गेलेली बाई; यंत्राचं दुखणं तिच्या हाताला कळतं. खरंच, दट्ट्या दर खेपेला पुढे जाऊन आपटत होता. तिथे जाड रबराची चकती चिकटवली, आतल्या दातेरी चाकांना ग्रीस भरलं आणि कडकडाटाची नुसती कुजबुज उरली.

ही सगळी उठाठेव शेजारच्या वेणूबाईंच्या नातवासाठी होती. त्यांची लेक कल्पिता सातव्या महिन्यात माहेरी आली, ती बाळंतपण होऊन अजून इथेच होती. पोर तीन महिन्यांचं. कुंपणाच्या पलीकडे पाळणा, अलीकडे बारा बंदुका. एवढ्या गोंगाटातही ते डाराडूर झोपायचं, म्हणून सगळ्यांना त्याचं कोण कौतुक! मग एका रविवारी वेणूबाईंच्या मनात पाल चुकचुकली. पोर दचकत कसं नाही? अलिबागच्या डॉक्टरांनी कान तपासायला उद्याची, सोमवारची तारीख दिली होती. वेणूबाईंनी कुंपणाशी येऊन सुजितला एवढंच सांगितलं होतं,

"पोराला ऐकू येत न्हाय वाटतं रे."

तुझ्यामुळे, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. त्या दिवसापासून सुजितला जेवण गोड लागत नव्हतं.

आणि आज नेमकं ते पोर तासभर रडत होतं. एरवी ही त्याची झोपेची वेळ. कल्पिताने पाजून बघितलं, पोटाला हिंग लावून बघितला, वेणूबाईंनी खांद्यावर टाकून वाडीभर हिंडवलं. रडणं थांबेना. सुजितला इकडे स्क्रू धरवेना. त्याने कशीबशी चकती चिकटवली, स्क्रू आवळले, बंदूक वाळूच्या पोत्यावर रोखली आणि चाप ओढला.

टक-टक-टक-टक. चकती सुटली होती. मेल्या, एक काम धड होत नाही तुझ्याकडून, असं स्वतःला म्हणत त्याने बोट काढलं.

रडणं थांबलं होतं.

योगायोग असेल, असं त्याला वाटलं. घटकाभराने पोराने पुन्हा सूर लावला. सुजितने इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा चाप ओढला. पोर पुन्हा गप. कुंपणावरून वेणूबाईंचं डोकं वर आलं. नातू खांद्यावर, डोळे पोरावर खिळलेले.

"परत वाजव," त्या हळूच म्हणाल्या.

त्याने वाजवली. पोराने अजून मान पुरती धरली नव्हती. ती डुगडुगत डुगडुगत वळली आणि बंदुकीच्या दिशेने थांबली. वेणूबाई नातवाला छातीशी धरून तिथेच मातीत बसल्या. कल्पिता धावत आली. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

प्रणाली हात पुसत बाहेर आली. काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही.

"आईच्या पोटात होता तेव्हापासून हेच ऐकतोय तो," ती म्हणाली. "आज सगळं गपगार. झोप यायची कशी?"

सुजित कुंपणालगतच्या ओसरीच्या पायरीवर टेकला. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. उद्या अलिबागला जायचं ते जायचंच, कल्पिता म्हणाली. पण आता ती लस टोचायला जायचं असावं तसं बोलत होती.

त्याने चकती पुन्हा बसवायला म्हणून स्क्रूड्रायव्हर उचलला. तोच वेणूबाईंनी कुंपणातून हात घालून त्याचं मनगट धरलं.

"ही ऱ्हाऊ दे अशीच. तो झोपेपर्यंत वाजव."

मग सुजित वाजवत बसला. थोडं थांबून, पुन्हा थोडं. खेळ संपवून पुण्याचे पाहुणे हसत-ओरडत माडांतून बाहेर आले आणि जागच्या जागी थबकले. मैदानाचा मालक वाळूच्या पोत्यावर गोळ्या झाडत होता, आणि कुंपणापलीकडची म्हातारी ओठांवर बोट ठेवून त्यांनाच गप राहायला सांगत होती.