बांबूच्या वळणावरचा उसासा

देव पोचला तेव्हा लियाओची मोटारसायकल बंद पडून अर्धा तास झाला होता आणि बांबूच्या वळणावर चाळीसेक माणसं जमली होती. कामधंदा सोडून आलेली ही माणसं उदबत्त्या मात्र बरोबर घेऊन आली होती.

देव म्हणजे आमच्या देवळातला तिसरा राजकुमार. हा देव बाळ आहे आणि चाकांवर उभा राहतो, म्हणून चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूचं खातं त्याच्याकडे. तो ज्याच्या अंगात येतो तो चुआंग भगत बावन्न वर्षांचा आणि ब्याण्णव किलोचा आहे. अंगात आलं की चुआंग गळ्यातली दुधाची बाटली तोंडाला लावतो, पाय आपटतो आणि बोबडं बोलतो.

"लियाओ, तुज्या गालीत कोन बशलंय, माहितीये का?"

"नाही, देवा." लियाओच्या मागे आल्याची तीन पोती बांधलेली होती.

"भूत बशलंय. त्याला लाग आलाय."

चुआंगने एका हातात पेटती उदबत्ती धरून दुसऱ्या हाताने पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. आतून स्पष्ट आवाज आला, फुस्स. गर्दीने मान खाली घातली.

"निघालं," चुआंग म्हणाला. "मोथा उशाशा शोलला."

लियाओने किक मारली आणि गाडी सुरू झाली. बायका रडल्या. मला विचाराल तर त्या दिवशी तिथे एकच चमत्कार झाला. उघड्या टाकीवर पेटती उदबत्ती धरूनही चाळीस माणसं जिवंत घरी गेली.

मी पाओ-चू. वळणाच्या वरच्या अंगाला आमचं गाव, आणि गावात माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. नवऱ्यामागे चौदा वर्षं मीच चालवते. त्या हिवाळ्यात माझी अब्रू पार धुळीला मिळाली होती. खालच्या पंपावर टाकी भरायची, आठ किलोमीटर चढ चढायचा, आणि नेमकं बांबूच्या वळणावर इंजिन आचके देऊन बंद पडायचं. आज याची, उद्या त्याची. देव येऊन सुरू करून द्यायचा आणि माणूस ती गाडी तडक माझ्याकडे आणायचा. मी आधी झाकण उघडून पेट्रोल बघायचे, नवऱ्याची शिकवणच तशी. मग प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, एकाची तर अख्खी कॉइल बदलली. दुकानात तासभर इंजिन चालू ठेवलं तरी गाडी बंद पडेल तर शपथ.

"काकू, भुताला तुमच्या दुकानाचा पत्ता माहीत नाही बहुतेक," लियाओ म्हणायचा.

लोकांनी विचार केला नाही असं नाही. उलट फार बारकाईने केला. सरपंच त्सेंगने तर वहीच घातली होती. नव्या स्कूटर बंद पडत नाहीत, फक्त जुन्या मोटारसायकली पडतात. आणि जुन्यांपैकी एक कधीच पडत नाही, ती श्यू-लुआनची. ती गाडी तिच्या मुलाची, यी-फंगची. अकरा वर्षांपूर्वी बांबूच्या वळणावरच गाडी घसरून तो वारला. चोवीस वर्षांचा होता. तेव्हापासून श्यू-लुआन तीच गाडी चालवते.

"म्हणजे बघा," सरपंच देवळात म्हणाला, "त्याच्या काळातल्या गाड्या तो ओळखतो, नव्या ओळखत नाही. आणि आईची तेवढी सोडतो. मग कोण असेल?"

मी आजवर इतका नीटस चुकीचा विचार ऐकला नव्हता.

देवानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. आईने गाडी धरून ठेवली, म्हणून पोरगा रागावलाय आणि गावाला अडवतोय. पूर्वजांची थडगी झाडायच्या सणाला ती गाडी वळणावर आणून जाळायची.

आदल्या दिवशी सकाळी श्यू-लुआन गाडी घेऊन माझ्या दुकानात आली.

"ऑईल बदल," ती म्हणाली. "साखळी ढिली झालीय. मागचा ब्रेकही बघ."

"उद्या जाळायचीय ना ही?"

"म्हणून तर. इथे जाळलेलं तिकडे पोचतं. पोचल्यावर त्याला किका मारत बसायला नको."

आम्ही गेलेल्या माणसांसाठी कागदाची घरं, कागदाचे कपडे जाळतो. तसं करू नको, असं एखाद्या आईला सांगायला मी आजवर गेलेले नाही. पण या बाईला तिचा पोरगा तिच्यावर चिडलाय असं कुणी सांगावं आणि तिने ते खरं मानून त्याच्यासाठी साखळी ताणून घ्यावी, याची मला मनापासून चीड आली.

"तुला काय वाटतं, खरंच रागावलाय तो?" मी विचारलं.

"रागवायलाच हवं. त्या दिवशी त्याला मीच बाजारात पिटाळलं होतं."

ती बाकावर बसून राहिली. मी साखळी ताणली, ऑईल बदललं. मग फडकं घेऊन टाकी पुसायला लागले. यी-फंग दर रविवारी ही टाकी मेण लावून पुसायचा, त्यामुळे आईने तिच्यावर कधी काही चिकटवू दिलं नव्हतं. झाकण पुसताना फडक्याचा एक दोरा अडकला. झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक होतं.

हे भोक असतंच. पस्तीस वर्षांत मी ते हजार वेळा बघितलंय, म्हणूनच बघितलं नव्हतं. शेजारी लियाओची गाडी उभी होती. तिच्या झाकणाच्या मधोमध तिसरा राजकुमार बसला होता.

देवाच्या वाढदिवसाला चुआंग सगळ्या गाड्यांवर राजकुमाराचं चित्र असलेली, मंतरलेली पिवळी चिठ्ठी चिकटवतो. नव्या स्कूटरला पुढे, कारण तिची टाकी बसायच्या जागेखाली असते. जुन्या गाडीला टाकीच्या झाकणावर. दरवर्षी ती कागदाची असायची आणि आठवड्यात पावसाने निघून जायची. यंदा त्याने प्लास्टिकच्या छापून आणल्या, जबरदस्त डिंकाच्या. आणि दुखणं सुरू झालं ते वाढदिवसानंतरच्या आठवड्यात.

मी श्यू-लुआनला म्हटलं, "उद्या जाळायच्या आधी माझं एक ऐकशील? झाकणावर देवाची चिठ्ठी लावू दे, आणि पंपापासून वळणापर्यंत मला मागे बसवून ने."

"टाकीवर डिंक?"

"एकदाच."

तिने टाकीवरून एकदा हात फिरवला. "लाव," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वळणावर लाकडं रचलेली, फळं मांडलेली. आम्ही खाली पंपावर. मी सरपंचाला साक्षीदार म्हणून ओढत आणलं होतं. त्याच्याच हातून श्यू-लुआनच्या झाकणावर नवी कोरी चिठ्ठी लावून घेतली आणि लियाओच्या झाकणावरची रॉकेलने पुसून काढली.

"काकू, उघडाच पाठवताय मला," लियाओ म्हणाला.

"पोती आल्याचीच आहेत ना? मग भूत तुला काय खाणार."

दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. लियाओ धडधडत वर गेला. आमची गाडी छान चढत होती. सातव्या किलोमीटरला पहिला आचका बसला. श्यू-लुआनची पाठ ताठ झाली. वळणाच्या अलीकडे, अख्ख्या गावाच्या डोळ्यांदेखत, इंजिन बंद पडलं.

तिने कपाळ हँडलवर टेकलं. "मलाही थांबवलं," ती पुटपुटली. मला स्वतःची शरम वाटली. असं होणार हे मला ठाऊक होतं.

चुआंग बाटली तोंडातून काढून धावत आला. "बगा, आईवल पन लागावला. जाला, जाला लवकल."

"थांब, देवा," मी म्हटलं. "लियाओची बंद पडली का?"

सगळ्यांनी मागे बघितलं. लियाओ वळणाच्या पुढे गाडीवर बसून पेरू खात होता.

"काय लियाओ, चिठ्ठी कुठंय तुझी?" कुणीतरी विचारलं.

"पुसली काकूंनी. आलो की सुखरूप."

मी झाकण फिरवलं. फुस्स. किक मारली, गाडी सुरू. माझ्या अंगात कुणीही आलेलं नव्हतं, फार तर संधिवात.

मग मी चुआंगच्या गळ्यातली बाटली मागून घेतली. "इथे आया किती आहेत? बाळ जोराने ओढायला लागलं आणि बाटलीत हवा शिरली नाही, तर निपल चपटं होतं आणि दूध यायचं थांबतं. मग काय करता?"

"बूच सैल करतो," तीनचार बायका एकदम म्हणाल्या.

"आणि आवाज कसा येतो?"

सगळ्यांना आवाज ठाऊक होता.

"इंजिन टाकीतून पेट्रोल ओढतं. जेवढं बाहेर गेलं तेवढी हवा आत यायला हवी. तिच्यासाठी झाकणाला भोक असतं. ते चिठ्ठीने बुजलं की आठ किलोमीटरवर पेट्रोल अडतं. झाकण उघडलं की हवा शिरते, तिचा तो उसासा. दुकानात मी पहिलं कामच झाकण उघडायचं करायचे आणि ते सैलच ठेवून इंजिन चालवायचे, म्हणून मला रोग दिसायचाच नाही. आमचंही चुकलंच."

"देवाची चिठ्ठी आहे, देवाच्या इच्छेने..." चुआंग बोबडं बोलायचं विसरला होता.

तेवढ्यात सरपंच वही काखेत मारून गर्दीतून बाहेर पडला आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या चुआंगच्या मोटारसायकलीपाशी वाकला. तीही जुनीच, आणि रोज याच चढाने येणारी, पण देवाची म्हणून वहीत कधी न घातलेली. झाकणावर चिठ्ठी होती. चिठ्ठीच्या मधोमध गोल भोक होतं, कडेने जळकं, उदबत्तीने पाडलेलं.

"चुआंग," सरपंच म्हणाला, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"देव गेला," चुआंग म्हणाला. "मला काही आठवत नाही."

श्यू-लुआनची गाडी त्याला का जाळायची होती, हे आता वेगळं सांगायला नको. चिठ्ठीशिवाय चालणारी जुनी गाडी गावात तेवढी एकच होती.

लोक लाकडं घरी न्यायला लागले. श्यू-लुआन नखाने झाकणावरची चिठ्ठी खरवडत होती.

"म्हणजे तो रागावलेला नाही?"

"नाही."

"आणि इथे नाहीच?"

यावर गोड उत्तर देता आलं असतं. मी दिलं नाही. "नाही, श्यू-लुआन. इथे हवा होती फक्त."

ती थोडा वेळ रडली. मी तिचं रडणं संपेपर्यंत गाडी धरून उभी राहिले. मग तिने नाक पुसलं. "बंद पडली ना, तेव्हा घाबरले खरी," ती म्हणाली, "पण क्षणभर बरंही वाटलं गं. अकरा वर्षांनी काहीतरी बोलला असं वाटलं." त्यावर माझ्याकडे कुठलं हत्यार नाही, आणि कुठल्या भगताकडेही नाही. फरक एवढाच, तो आहे म्हणून सांगतो.

तेव्हा ऐका. गाडी बंद पडली तर आधी झाकण उघडा, मग भोक बघा, मग प्लग, मग तार. चालणारी गाडी बंद पडणाऱ्या गाडीशेजारी उभी करा आणि काय वेगळं आहे ते शोधा. एवढं करूनही नाही सापडलं, तर नाही सापडलं म्हणा, त्यात लाज नाही. पण तुमचं गेलेलं माणूस तुमच्यावर चिडलंय असं कुणी येऊन सांगायला लागला, तर त्याला दारातच उभा करा आणि आधी त्याच्या गाडीचं झाकण तपासा.