गुळगुळीत पिस्टन

आमच्या घरातलं एकही दार बंद राहत नाही. सासरेबुवा राहायला आल्यापासून ही अवस्था आहे. त्यांचं कुलुपं-बिजागऱ्यांचं दुकान होतं. सासूबाई गेल्या, दुकान आवरलं, आणि कपड्यांची एक बॅग आणि तेलाची बुधली घेऊन ते आमच्याकडे आले. आल्या आल्या त्यांनी सगळ्या बिजागऱ्यांना तेल पाजलं, कड्या घासल्या आणि दारं इतकी हलकी केली की शेजारी कोणी शिंकलं तरी उघडतात. एका हाताने दार धरायचं आणि दुसऱ्या हाताने अंग चोळायचं, अशी माझी आंघोळ चालते. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणतात. ज्याने हे म्हटलं, त्याच्याकडे सासरा राहायला आलेला नसणार.

पण तक्रार करायची सोय नव्हती. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीत बसतो. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी "बघतो साहेब, बघतो ताई" करतो. घरी येऊन आपणही कोणावर तरी ओरडावं, एवढीच माझी माफक इच्छा असते. बायकोने मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाबांना एक शब्द बोलायचा नाही. आई गेल्यापासून ते मनातून पार खचलेत."

ते खरंच होतं. दारं संपली तसे सासरेबुवा खिडकीपाशी खुर्ची टाकून गप्प बसू लागले. चहा दिला की "कशाला त्रास घेतलात?" म्हणायचे. पंखा लावायचा तरी "तुम्हाला चालणार असेल तर" असं विचारायचे. पोटच्या मुलीच्या घरात माणूस पाहुण्यासारखा वावरत होता. बायको स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी आणखी चिडतो.

माझ्या सगळ्या चिडीवरचा उतारा म्हणजे माझा ट्रक. मांजराएवढा, रिमोटवर चालणारा, पण खेळणं म्हणाल तर याद राखा. त्याला खरं इंजिन आहे, लिंबाएवढं. ते नायट्रोच्या इंधनावर चालतं, खराखुरा धूर सोडतं आणि शेजाऱ्यांच्या शिव्या मिळवून देतं. त्या इंधनात एरंडेल असतं, त्यामुळे माझ्या कपड्यांना जुलाबाच्या औषधाचा वास येतो. दर वर्षी मैदानावर शर्यत होते आणि दर वर्षी मी ती अर्धवट सोडतो, कारण दोन फेऱ्या झाल्या की इंजिन तापतं आणि बंद पडतं. समोरच्या गल्लीतला चष्मेवाला दर वर्षी पहिला येतो. माझ्या ट्रकला तो "आजीबाई" म्हणतो.

इंजिन झिजलं होतं, दुसरं काही नाही. आता यातली गोम सांगतो. या इंजिनाचा पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो ती नळी वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. इंजिन थंड असताना पिस्टन तिथे जाऊन घट्ट रुततो आणि कुई करून ओरडतो. तापल्यावर नळी फुगते आणि दोघांचं बरोब्बर जमतं. म्हणजे थंडपणी जे इंजिन अडतं, तेच चांगलं. माझं जुनं इंजिन झिजून झिजून सैल पडलेलं. थंड असताना कसंबसं धरायचं, तापलं की सोडून द्यायचं. ते इंजिन बनवणाऱ्यांनी तर केव्हाच गाशा गुंडाळला होता. सहा महिने धुंडाळल्यावर एका दुकानदाराच्या माळ्यावर नव्या पिस्टन-नळीची जोडी सापडली. शेवटची. यानंतर जगात दुसरी नाही, असं त्याने मला डोळ्यांत डोळे घालून सांगितलं.

शर्यतीच्या आठवड्यात मी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून इंजिन सुटं केलं. बेअरिंग निघत नव्हतं, म्हणून इंजिनाचा सांगाडा बायकोच्या ओव्हनमध्ये तापवला. त्यानंतर आमच्या घरी केकला आठवडाभर एरंडेलाचा वास येत होता.

"एवढं करतोच आहेस तर बाबांनाही हाताशी घे," बायको म्हणाली. "निदान त्या खिडकीतून उठतील तरी."

मी त्यांना स्क्रू धुवायला दिले. आणि काय सांगू, माणूस बदलला! बाह्या सरसावल्या, चष्मा कपाळावर चढवला, टूथब्रशने एकेक स्क्रू असा घासला की मला त्यात माझं तोंड दिसावं. टूथब्रश माझाच होता, पण मी एक शब्द बोललो नाही. संध्याकाळी त्यांनी आपणहून दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. बायकोने टेबलाखालून माझा हात दाबला.

शुक्रवारी सकाळी मी नवा पिस्टन बसवला. बोटाने इंजिनाचं चाक फिरवलं, तो वर जाऊन रुतला आणि कुई करून ओरडला. ते ऐकून माझ्या कानांचं पारणं फिटलं. तसाच गुणगुणत मी कचेरीत गेलो.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. घरात करकरणारी वस्तू ठेवून मी बिजागरीवाल्याला तिच्यासोबत दिवसभर एकटं सोडून गेलो होतो.

संध्याकाळी दार उघडं होतं, अर्थातच. सासरेबुवा दारातच उभे. गेल्या वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, ते आज हसत होते.

"जावईबापू, तुमचं इंजिन अडत होतं. मी मोकळं केलं."

पितळ चकाकवायची पेस्ट लावून, सकाळपासून, जेवणसुद्धा विसरून, त्यांनी पिस्टन त्या नळीत घासला होता. माझ्यासमोर बोटाने चाकाला टिचकी मारली. चाक फिरलं, फिरतच राहिलं. पिस्टन लोण्यात सुरी फिरावी तसा वरखाली होत होता. कुई नाही, काही नाही.

जगातली शेवटची जोडी! माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तोंड उघडलं. सासरेबुवांच्या खांद्यामागे बायको उभी होती. तिने हात जोडले नव्हते, नुसती बघत होती.

"वा, बाबा," मी म्हणालो. "काय हलकं फिरतंय!"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. न्हाणीघरात जाऊन, दार धरून, मी टॉवेल चावला.

शनिवारी बायको त्यांना चपला घ्यायला म्हणून बाहेर घेऊन गेली. तेवढ्या वेळात मी चकचकीत जोडी काढली आणि जुनी, काळी पडलेली, झिजकी जोडी परत बसवली. दुधाची तहान ताकावर. चकचकीत जोडी धरतच नव्हती, हिच्यावर इंजिन निदान चालू तरी झालं असतं.

रविवारी मैदानावर सासरेबुवा नव्या चपला घालून, तेलाची बुधली घेऊन हजर. चष्मेवाल्याला त्यांनी स्वतःहून सांगितलं, "इंजिन मी केलंय." मी दोरी ओढली, ट्रक फुरफुरत सुटला. पहिली फेरी झाली, दुसरी झाली आणि लांबच्या वळणावर आजीबाई बसल्या.

मी ट्रक उचलून कडेला आणला. आता निवण्याची वाट बघत बसायचं, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. सासरेबुवांनी रुमाल ओला केला, इंजिनावर अलगद ठेवला आणि टोपीने वारा घालू लागले. तापाच्या पोराजवळ बसावं तसे बसले होते. मग त्यांनी बोटाने चाक फिरवून पाहिलं.

"जावईबापू, ह्यात माझा पिस्टन नाही."

"कशावरून?"

"किंचित अडतोय. माझ्या हाताखालून गेलेली वस्तू अडत नाही."

मी इंजिनावरचा रुमाल उलटा केला. खोटं बोलायला सुचलं नाही.

"तो घट्टच हवा होता का?"

"हो, बाबा."

"म्हणजे मी वाट लावली."

"जाऊ द्या हो, त्यात काय एवढं," मी तक्रारीच्या खिडकीतल्या आवाजात म्हणालो.

त्यांनी टोपी खाली ठेवली. "असं नका बोलू. तुमच्या सासूबाई असत्या तर आत्तापर्यंत अख्खं मैदान गोळा झालं असतं. दुकानात माझ्या हातून एखादं कुलूप बिघडलं की तिचा आवाज नाक्यापर्यंत जायचा. वर्ष झालं, मला कोणी ओरडलं नाही. सगळे कसे गोड बोलता. पाहुण्याशी बोलावं तसं." त्यांचे डोळे भरले होते. "एवढी मोलाची वस्तू मी घालवली आणि तुम्ही वा म्हणालात. मी काय इतका परका झालो?"

माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. वाटलं हुंदका आहे. पण मी स्वतःला ओळखतो, ती आरोळी होती.

"कोणी सांगितलं होतं हात लावायला?" मी ओरडलो. "सहा महिने शोधत होतो! शेवटची जोडी होती, शेवटची! दिसली वस्तू की घासायची, दिसली की घासायची! माझा टूथब्रशसुद्धा सोडला नाहीत! आणि ती दारं! मला माझ्या घरात धड आंघोळ करता येत नाही, बाबा!"

अख्खं मैदान वळून बघायला लागलं. चष्मेवाल्याचा ट्रक माती उडवत कुंपणात घुसला. प्रेक्षकांतून बायको धावत आली, "अरे, लाज वाटते का? बाबांना ओरडतोस?"

"तू मध्ये पडू नकोस," सासरेबुवा म्हणाले. "आमचं चाललंय." आणि माझ्याकडे वळून, "दारांचं काय म्हणालात?"

मी दारांचं सगळं पुन्हा सांगितलं, सविस्तर. ते मान डोलावत ऐकत होते. तोंडावर असं समाधान, जणू तहानलेल्याला पाणी मिळालं. माझं संपेपर्यंत इंजिन निवलं होतं. मग दोन फेऱ्या, ओला रुमाल, वारा, पुन्हा दोन फेऱ्या, असं करत आम्ही शर्यत पुरी केली. शेवटचे आलो, पण आलो. लोक केव्हाच घरी गेले होते.

सोमवारी सकाळी न्हाणीघराचं दार पहिल्यांदाच घट्ट लागलं. सासरेबुवांनी पहाटे उठून कडी बदलली होती. मी दोन्ही हातांनी मनसोक्त आंघोळ केली, अंग पुसलं आणि दार ओढलं. ते हललं नाही. पुन्हा ओढलं. कचेरीची वेळ टळत चालली होती.

"बाबा!" मी ओरडलो. "काय करून ठेवलंत हे? उघडा आधी!"

बाहेर, दाराला अगदी लागूनच, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"उघडतो की," सासरेबुवा म्हणाले. "आणखी एकदा ओरडा."