पाच वाजेपर्यंतचा गंध

हेमंतातले ऊन पाचच्या सुमारास आमच्या नारायण पेठेतल्या वाचनालयात पश्चिमेच्या खिडकीतून येते, काठ्यांना लावलेल्या वर्तमानपत्रांवर क्षणभर रेंगाळते आणि फरशीवर उतरते. त्याच सुमारास गावंडे येत. पाऊल ऐकू येण्याआधी त्यांचा गंध येई: लिंबाच्या सालीची कडवट तरतरी सकाळीच उडालेली, आणि तिच्याखाली उरलेले चंदन, संयत, सावकाश, कोरड्या लाकडावर पडलेल्या उन्हासारखे. तो गंध मला रोज स्पष्ट येत असे. हे प्रथमच नोंदवतो, कारण गावंड्यांना मी याच्या उलट सांगत आलो.

गावंडे मूळचे अमरावतीकडचे. हडपसरच्या एका रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत त्यांचे आयुष्य गेले; पुण्यात केस पिकले, पण ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणण्याची सवय पिकली नाही. उंच, किंचित वाकलेला देह, इस्त्रीचा सदरा, आणि हातांत एक विलक्षण हळुवारपणा. चष्मा काढताना ते दोन्ही हातांनी काढत, घरट्यातून अंडे उचलावे तसा. हसू ओठांपर्यंत न येता डोळ्यांच्या कडेलाच थांबे, उन्हाळी ढगासारखे, न बरसता सावली देऊन जाणारे.

तो गंध कोलनचा होता. पुरुषांसाठीचे हे सौम्य अत्तर त्यांच्या पत्नीने, सुशीलाबाईंनी, निवडलेले. सकाळी लावून ते कामावर जात, संध्याकाळी दार उघडताच, पायातली चप्पल निघण्यापूर्वी, बाई म्हणत, “आहे अजून.” त्या दोन शब्दांनी त्यांचा दिवस संपे. स्वतःच्या अंगाचा गंध स्वतःला घटकाभरात कळेनासा होतो, नाक सवयीने बधिर होते. म्हणून तो उरला की नाही हे दुसऱ्यालाच विचारावे लागते. बाई गेल्या, तेव्हा विचारायला कोणी राहिले नाही. त्यांनी मला निवडले.

निवडीला कारण होते. वजने-मापे तपासणारा सरकारी निरीक्षक म्हणून मी नोकरी केली, आणि कोणाची भीड ठेवल्याचे मला आठवत नाही. एका संध्याकाळी शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांनी मनगट माझ्यापुढे धरले.

“सांगा साहेब, आहे का वास?”

“नाक माझं आहे, सरकारी यंत्र नाही.”

“म्हणून तर विचारतो. यंत्र बिघडतं. तुम्ही खोटं बोलत नाही.”

मी धड हुंगलेही नाही. “गेला,” म्हणालो. रुक्षपणाने, दुसरा हेतू नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते नवी युक्ती घेऊन आले. मनगटावर मनगट घासायचे नाही, घासले की वरचा गंध मरतो. पुन्हा मनगट पुढे, पुन्हा मी म्हणालो, “गेला.” मग स्नानानंतर अंग ओलसर असतानाच लावून झाले. मानेमागे, कोपराच्या घडीत, सदऱ्याच्या कॉलरच्या आतल्या बाजूस लावून झाले. न्हाणीघराच्या उष्ण दमटपणात बाटली बिघडते म्हणून ती कपाटात शालींच्या घड्यांमध्ये गेली. प्रत्येक युक्ती ते मला प्रयोगशाळेतल्या गांभीर्याने समजावीत. वाचनालयाच्या बाई काउंटरवरून विचारीत, “झाली का नाडीपरीक्षा, वैद्यबुवा?” गावंडे उत्तर देत, “अरे बाप्पा, वैद्य लय कडक आहे!”

मी एकटा राहतो. सकाळपासून पाचपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. गंध टिकला असे सांगितले असते तर प्रयोग संपला असता, आणि त्यासोबत ते मनगट, तो आवाज, ती शेजारची खुर्चीही. हे मला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कळले होते.

मग ते दिवस उजाडले, जेव्हा सावल्या लवकर लांबतात. त्या संध्याकाळी गावंड्यांच्या चालीत तरुणपणाचा एक उसना ठेका होता.

“आज सापडलं, साहेब! भिंतीला आपण आधी प्रायमर देतो, मग रंग. नाहीतर भिंत रंग पिऊन टाकते. अंगाचंही तसंच. आधी खोबरेल तेलाचा पातळ हात, मग कोलन. चाळीस वर्षं रंगात गेली आणि हे सुचलं नाही, सांगा!”

त्यांनी मनगट पुढे केले. चंदन होते, इतके भरदार की लिंबाचाही एक दूरचा धागा त्यात शिल्लक होता, मावळत्या आकाशात दुपारची निळाई राहावी तसा. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

“गेला,” मी म्हणालो.

त्यांनी हात मागे घेतला, बाहीचे बटण लावले. “मग कातडीच म्हातारी झाली,” ते म्हणाले. “काही धरतच नाही.”

त्यानंतर ते आले नाहीत. पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडले. सदरा चुरगळलेला, अंगाला कसलाच गंध नव्हता, आणि त्या गंधहीनतेत ते प्रथमच मला वृद्ध दिसले. मी उंबऱ्यावरच बोललो.

“गावंडे, वास होता. त्या दिवशी होता. रोज होता.”

आतल्या खोलीत नळ ठिबकत होता.

“काहून मग?”

मला उत्तर ठाऊक होते. मी त्यांच्या चुरगळलेल्या सदऱ्याकडे पाहिले.

“सुशीला गेली तेव्हापासून वाटे, आपण संध्याकाळपर्यंत उरतच नाही,” ते शांतपणे म्हणाले. “तुम्ही तेच सांगत होता. मला खरं वाटलं.” मग शिष्टाचार स्मरून त्यांनी विचारले, “चहा घेणार?” मी नको म्हणालो.

महिन्याभरात हडपसरला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने त्यांना आपल्याकडे नेले. निरोप घ्यायला ते आले नाहीत. यावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार मी गमावला होता. हडपसर बसने तासाभराचे अंतर. मी गेलेलो नाही.

काळ माणसाला घेऊन जातो, हे मी समजू शकतो. त्याच्याशी माझा वाद नाही. पण जो माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर, पूर्णपणे उपस्थित होता, त्याला मीच रोज नाहीसा ठरवत गेलो, आणि ही एक अनुपस्थिती काळाच्या माथी मारू म्हटले तर स्मृती ते मान्य करीत नाही.