हिरव्या पट्टीचा बाक

मित्रांनो, कर्नाटकातल्या रामनगरच्या मराठी शाळेच्या फाटकाबाहेर, बसची वाट बघायच्या जागी जो लांब बाक दिसतो ना, तो मीच. वय झालंय. डावा पाय थोडा आखूड आहे, त्यामुळे कोणी जाड माणूस एका टोकाला बसला की मी कुरकुरतो. कुरकुरणं हा माझा स्वभाव नाही. माझा स्वभाव चौकस आहे. कोण आलं, कुठून आलं, पिशवीत काय आहे, हे मला कळल्याशिवाय चैन पडत नाही.

मला शिवानंद मेस्त्रींनी बनवलं. इथल्याच रानातलं मत्तीचं, म्हणजे ऐनाचं लाकूड, काळपट, वजनदार. मेस्त्री तेव्हा तरुण होते आणि हौशी होते. बसायची फळी त्यांनी इतकी गुळगुळीत रंधली की हेडमास्तर तिच्यावरून हात फिरवत म्हणाले, "शिवानंद, ह्याच्यावर पोरं घसरगुंडी करतील की!" तसंच झालं. टेकायला त्यांनी मला रुंद पाठ दिली. या पाठीनेच पुढे घोटाळा केला, पण ते सांगतोच.

पहिली कितीतरी वर्षं मी शाळेच्या व्हरांड्यात होतो. माझ्यावर पालक टेकले, लस टोचायला आलेल्या नर्सबाई बसल्या, रुसलेली पोरं बसली. कोणी कर्कटकाने माझ्या अंगावर आपलं नाव कोरलं, कोणी दुसऱ्याचं. लोकांना वाटतं, बाक माणसाला चेहऱ्यावरून ओळखत असेल. छे! मी बसण्यावरून ओळखतो. घाईतला माणूस कडेला टेकतो, निवांत माणूस पाठीला रेलतो, आणि घाबरलेला माणूस माझी कड घट्ट धरतो. मग शाळेत लोखंडी बाकं आली, चकचकीत. मला उचलून व्हरांड्याच्या टोकाला, सातवीच्या खिडकीखाली ढकललं गेलं. तिथे माझ्यावर झाडू, फुटके डस्टर आणि एक बिनमालकाची छत्री ठेवत. वाईट वाटायचं, पण खिडकी उघडी असायची आणि सुमंगलाबाईंचा इतिहासाचा तास ऐकू यायचा. तेवढ्यावर मी खूष होतो.

एके दिवशी बाई दक्षिण आफ्रिकेबद्दल सांगत होत्या. तिथे सरकारनेच कायदा केला होता म्हणे. गोऱ्यांनी कुठे राहायचं, काळ्यांनी कुठे राहायचं, कोणत्या शाळेत शिकायचं, कोणत्या दारातून पोस्टात शिरायचं, सगळं कातडीच्या रंगावरून ठरलेलं. काळ्या माणसाला आपल्याच देशात फिरायला खिशात पास बाळगावा लागे. पास नसला की तुरुंग.

"आणि बागेतल्या बाकांवरसुद्धा लिहिलेलं असायचं," बाई म्हणाल्या, "फक्त गोऱ्यांसाठी. तेही दोन-दोन भाषांत."

मी दचकलो. बाकांवर? आमच्या जातभाईंवर?

"बाई, चुकून बसलं तर?" प्रवीणने विचारलं. हा पोरगा वर्गातला बोलघेवडा.

"पोलीस धरून न्यायचे."

"आणि मुद्दाम बसलं तर?" हा आवाज सुंदरीचा होता.

बाई म्हणाल्या, "मुद्दामही बसले, सुंदरी. हजारो माणसांनी ठरवून तसं केलं. नको त्या दारातून आत गेले, नको त्या बाकावर बसले, आणि गाणी म्हणत तुरुंगात गेले. कायदा लगेच रद्द झाला नाही. पुढे कितीतरी वर्षं गेली, कितीतरी माणसं मेली. पण शेवटी पाट्या उतरल्या."

त्या दिवशी मी दुसरं काही ऐकलंच नाही. त्या बाकांना काय वाटत असेल, हाच विचार. आपल्या पाठीवर काय लिहिलंय हे बाकाला दिसत नाही. माणसं जवळ येतात, वाचतात आणि मागे फिरतात, पण का फिरतात हे त्यांना कुणी सांगितलं असेल का?

स्नेहसंमेलनात याच गोष्टीचं नाटक करायचं ठरलं. नाटकाला बाक हवा होता. झाडू-छत्री बाजूला झाली आणि मला उन्हात काढलं. काय सांगू, लग्नघरातल्यासारखी माझी आंघोळ झाली! रंगवायचं काम प्रवीणने अंगावर घेतलं. शाळेचं फाटक रंगवून उरलेला हिरवा ऑइल पेंट होता. त्याने माझ्या पाठीवर हिरवी पट्टी ओढली, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत लिहिलं, 'फक्त गोऱ्यांसाठी'.

"कन्नड वर नसलं तर बोर्ड सरकारी वाटतच न्हाई," तो म्हणाला. बाईंनी त्याची पाठ थोपटली. खडूने लिही, असं मात्र कोणालाच सुचलं नाही.

मग कामं वाटली. बाकावर मुद्दाम बसणारी आणि तुरुंगात जाणारी बाई, हे सगळ्यांत मोठं काम. बाई म्हणाल्या, "हे सुंदरी करेल."

"व्हय बाई, तीच!" प्रवीण ओरडला. "हिला तर रंगवायला बी नको!"

वर्ग हसला. बाईही हसल्या.

मित्रांनो, सुंदरी सिद्दी समाजाची. फार पूर्वी तिच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून जहाजांनी गोव्यात आणलं होतं. त्यातले काही पळून या रानांत शिरले आणि इथलेच झाले. सुंदरीचे केस कुरळे आहेत, रंग गडद आहे आणि हसू मोठं आहे. त्या दिवशी ते हसू दिसलं नाही. मधल्या सुट्टीत ती येऊन माझ्यावर बसली. रंग ओला होता म्हणून टेकली नाही. बाई शोधत आल्या.

"का गं? एवढं मोठं काम दिलं तुला."

"मी न्हाई करणार."

"अगं, पण का?"

"मला का दिलं, बाई? माझं पाठांतर कच्चं हाय. अंकिताचं चांगलं हाय. मला तोंड बघून दिलं." ती एका दमात बोलत सुटली. "बसमदी कंडक्टर सगळ्यांशी कन्नड बोलतो, माझ्याशी हिंदी. सुट्टीत मामाकडं गणेशगुडीला गेलं की नदीवर बोटीत बसायला आलेली टुरिस्ट माणसं इचारत्यात, तू कुठल्या देशाची? मी हितली हाय, बाई. मी स्टेजवर तिकडची होऊन उभारले, तर सगळी म्हणतील, बघा, तिकडचीच हाय ती."

बाई सुंदरीच्या शेजारी बसल्या. मी दोघींचं वजन पेलत होतो, आणि खरं सांगतो, त्या दिवशी बाईंचंच जास्त वाटलं. मग त्या म्हणाल्या, "चुकलं माझं." काम अंकिताला गेलं. तिच्या तोंडाला काळं फासायची टूम कुणीतरी काढली, ती बाईंनी तिथल्या तिथे मोडून काढली.

नाटक छान झालं. टाळ्या पडल्या. सुंदरीने पडदा ओढायचं काम केलं आणि पूर्ण वेळ विंगेतून बघत राहिली. अंकिता माझ्यावर बसली, पोलीस झालेल्या प्रवीणने तिला धरून नेलं. मला अभिमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे इतके डोळे लागले होते.

दुसऱ्या दिवशी रंग खरवडायला घेतला, तर तो निघेना. मत्तीने ऑइल पेंट पिऊन टाकला होता. शिवानंद मेस्त्रींना बोलावू, तोवर राहू दे बाहेर, असं म्हणून मला फाटकाबाहेर, बसस्टॉपजवळ ठेवलं. आणि सगळे विसरले.

मग बाजाराचा दिवस आला. रस्त्यावर गोव्याच्या ट्रकांची रांग, बसस्टॉपवर गर्दी. नंदिगड्डे गावाहून लाडूअज्जा आणि फुलाअज्जी हे म्हातारं जोडपं कंदमुळं विकायला आलं होतं. विकून झालं होतं, आता जोयड्याच्या बसची वाट बघायची होती. फुलाअज्जीचे गुडघे दुखत होते. ती माझ्याकडे आली, टोपली खाली ठेवली, वळून बसणार, इतक्यात लाडूअज्जा म्हणाला, "थांब गे."

त्याने माझ्या पाठीवरची अक्षरं बोट ठेवून लावली. "फक्त... गोऱ्यांसाठी. बसू नको. सरकारचं हाय."

फुलाअज्जी मुकाट्याने मागे सरली आणि मातीत बसली. तिच्या मागून आलेल्या दोघी बायकाही उभ्याच राहिल्या. माझी फळी रिकामी, आणि समोर म्हातारी मातीत! मला ओरडावंसं वाटलं, अहो, ते नाटकाचं आहे! पण बाकाला तोंड कुठलं?

तेवढ्यात शाळा सुटली आणि सुंदरी फाटकातून बाहेर आली.

"अज्जी, खाली का बसलायसा? बाक हाय की."

"न्हाई गे बाय. ते गोऱ्यांचं हाय."

सुंदरी खळखळून हसली. "कुठलं गोरं?"

"ते टुरिस्ट गे," लाडूअज्जा समजावू लागला. "रिसॉर्टात येत्यात न्हवं. रानात त्यांच्या जीपा जात्यात. आमी गेलो तर फारेस्टवाले बोर्ड दावत्यात. तसलंच हिरवं, तसलंच पांढरं लिवलेलं. आता बाक बी त्यांनाच दिला असंल."

सुंदरीचं हसू विरलं. तिने माझ्या पाठीकडे बघितलं, मग मातीतल्या म्हातारीकडे.

"अज्जा, हे आमच्या नाटकातलं हाय. आमीच रंगवलं."

"पयल्या बोर्डाला बी आमी असंच म्हणलो हुतो," लाडूअज्जा म्हणाला. "कुणी पोरांनी लावला असंल म्हणून गेलो आत. कोयता काढून घेतला माझा. बोर्डाशी वाद घालू नये, बाय."

सुंदरीने दप्तर खाली ठेवलं. मग आली आणि माझ्या मधोमध बसली. पाठीला टेकून, त्या अक्षरांवर.

"उठ गे!" लाडूअज्जा घाबरला. "ल्हान हायस तू. धरून नेतील."

"नेऊ दे. मी मुद्दाम बसलेय."

तेव्हाच रस्त्यावर एक हिरवी सरकारी जीप दिसली. समोर गतिरोधक होता. ती आमच्यापुढे येऊन अगदी हळू झाली. मित्रांनो, सुंदरीला माहीत होतं की ते नाटक होतं. तरी तिच्या बोटांनी माझी कड घट्ट धरली. मी सांगितलं ना, घाबरलेला माणूस मला कळतो. पण ती उठली नाही. ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं, गियर बदलला आणि जीप निघून गेली.

फुलाअज्जी ते सगळं बघत होती. तिने गुडघ्यांवर हात ठेवले, कण्हत उठली आणि म्हणाली, "सरक गे. मला बी जागा दी."

ती बसली. मग मागच्या दोघी बसल्या. लाडूअज्जा इकडेतिकडे बघत उभा होता. शेवटी टोपली उचलून तोही कडेला टेकला. "धरलं तर सगळ्यांना धरू दे," तो पुटपुटला.

आखूड पायाकडून मी जोरात कुरकुरलो. आनंदाने.

फुलाअज्जीने सुंदरीचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि निरखून विचारलं, "तू कुणाची गे?"

सुंदरी तिच्याकडे बघतच राहिली. कुठल्या देशाची, असं तिला कितीदा तरी विचारलं गेलं होतं. हा प्रश्न मात्र गावच्या प्रत्येक पोरीला विचारतात तो होता.

"ताराची," ती म्हणाली. "गणेशगुडीचा दमामी ढोल वाजवणारा गोपाळ, त्याची भाची."

"व्हय काय! तुझा अज्जा सुगीला आमच्याकडं भात कापायला यायचा. पेज प्यायला बसला की गाणं म्हणायचा. मग आधी सांगायचं न्हाई, आमचीच हायस म्हणून!"

सुंदरीचा हात माझ्या कडेवरून सुटला होता. फाटकात प्रवीण उभा होता, तोंड उतरलेलं. त्याच्या मागे सुमंगलाबाई. बस आली, म्हातारा-म्हातारी गेली, तरी बाई तिथेच उभ्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी शिवानंद मेस्त्री आले. हात आता थरथरतात त्यांचे, पण रंधा हातात आला की थरथर थांबते. दुसऱ्या टोकाने प्रवीणने मला दाबून धरलं होतं. हिरवे-पांढरे छिलके खाली पडत गेले आणि आतलं मत्तीचं काळपट लाकूड पुन्हा उघडं झालं. मेस्त्रींनी हात फिरवून बघितलं. कुठेही काही राहिलं नव्हतं.

मला वाटलं, संपलं. पुढच्या बाजाराला फुलाअज्जी आली. टोपली खाली ठेवली. माझ्या पाठीवरून तळवा फिरवला. अक्षर नव्हतं, रंग नव्हता. तरी ती बसली नाही. तिने आधी शाळेच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीत सुंदरी होती. तिने मान हलवली, तेव्हा फुलाअज्जी बसली. अजूनही ती अशीच बसते, आधी बघून. रंधा लाकडावरून चालतो, मित्रांनो. म्हातारीच्या मनावरून कोणता रंधा फिरवायचा, हे मला अजून समजलेलं नाही. त्या दूरच्या देशात पाट्या उतरल्यावर किती जण असे बाकापुढे उभे राहिले असतील, हाही विचार माझी पाठ सोडत नाही.

मला पॉलिश करा असं मी म्हणत नाही. पावसात आत घेतलंत तर बरं, नाही घेतलंत तरी मत्ती टिकते. मागणं एवढंच आहे. कधी माझ्यापुढे कोणी उभं असेल, जागा रिकामी असूनही डोळ्यांनीच 'बसू का?' असं विचारत असेल, तर दप्तर खाली ठेवा आणि आधी तुम्ही बसा. मग थोडं सरका.